पंचेचाळीस पूर्णांक आठ

रेल्वेपुलाचा चढ संपला तिथे भाऊजी थांबले. दम लागला म्हणून नव्हे. समोरून सिमेंटचा ट्रक येत होता, आणि त्याच्या वजनाने सगळा पूल हादरणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हातातली लांबोडकी लाकडी पेटी छातीशी धरली, गुडघे जरा वाकवले आणि ट्रक निघून जाईपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. तान्हं बाळ घेऊन माणूस गर्दीत उभा राहतो, तसे.

"छत्री," डोळे न उघडताच ते म्हणाले.

धाकटीने छत्री चार बोटं पुढे केली. पेटीच्या कोपऱ्यावर ऊन आलं होतं.

"आता?"

"आता बरोबर. पण तुझ्या डोक्यावर काहीच उरत नाहीये."

"माझं डोकं कचेरीत दाखवायचं नाहीये, भाऊजी. चला."

सकाळचे दहा वाजत आले होते. सव्वाआठला घरून निघून, वेधशाळेत साडेआठची नोंद करून पेटी घेऊन निघालेली ही दोघं अजून अर्ध्या वाटेवरच होती, कारण भाऊजी पाऊल टाकत नव्हते, ठेवत होते. पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक थर्मामीटर होता. आदल्या दिवशीचा सर्वांत जास्त उष्मा त्याच्यावर थांबलेला होता: पंचेचाळीस पूर्णांक आठ. दिवसभरात पारा जिथवर चढेल तिथेच तो अडून राहतो, झटकल्याशिवाय खाली येत नाही. ताप मोजायचा असतो तसाच, फक्त हा हवेचा. जास्त हिसके बसले तर पारा खाली घसरणार, आणि पेटीला ऊन लागलं तर आणखी वर चढणार. वर गेला तरी पुरावा गेला, खाली आला तरी गेला. म्हणून हातात धरून, आडवा ठेवून, सावलीतून न्यायचा.

"रिक्षा करू या का?" असं तिने निघताना विचारलं होतं.

"आपल्या रस्त्यांवर रिक्षात माणसाचा मणका जागचा हलतो, पाऱ्याचं काय घेऊन बसलीस!"

भाऊजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ती घरातली धाकटी सून, म्हणून सगळ्यांची धाकटी. एरवी शाळेत शिकवणारी, सध्या सुट्टी. भाऊजी एकतीस वर्षं शहरातल्या जुन्या वेधशाळेत निरीक्षक होते. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळा त्यांच्या आयुष्यात कुणी हलवू शकलं नव्हतं. धाकटीच्या लग्नाच्या एकाही फोटोत भाऊजी नाहीत, कारण फोटोवाला नेमका साडेआठला आला. स्वतःचं लग्न त्यांनी केलंच नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "रोज साडेपाचला उठून जाणारा माणूस कुणाला चालेल? आणि बायकोने विचारलं कुठे जाता, तर काय सांगू? गवतात पेटी उघडून बघायला!"

कचेरीत त्यांना 'दशांश' म्हणत. बाहेरचा माणूस उन्हाने हैराण होऊन आला आणि "आज चाळीस तरी असेल" म्हणाला, की हे म्हणायचे, "एकोणचाळीस पूर्णांक सहा." लग्न होऊन नुकती घरात आलेली धाकटी एकदा पदराने वारा घेत म्हणाली होती, "बाई गं, काय गरम होतंय!" तर दारातून आवाज आला, "किती?" ती इतकी घाबरली की "खूप" एवढंच म्हणाली. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "खूप हे माप आमच्याकडे नाही." मग दोघंही हसली, आणि त्या दिवसापासून तिला त्या घरात परकं वाटेनासं झालं.

ह्या शहराची हवा त्यांना एखाद्या नातेवाइकासारखी माहीत होती, खोड्यांसकट. थंडीचे जेमतेम सहा आठवडे. तेव्हा ते गवतातल्या दवात चपला भिजवत रात्रीचा नीचांक बघायला जात. पावसाळ्यात डोक्यावर रेनकोट ओढून, ओणवं होऊन, डोळा काचेच्या मापाच्या बरोबर समोर आणून पाणी मोजत. मागून कुणी "अहो, आत या, भिजताय" म्हटलं तर बोट वर करून गप्प बसवत. पाऊस ओसरल्यावर येते ती चिकट गरमी, आणि मग हा शेवटचा उन्हाळा, मे संपता संपताचा. पाऊस तोंडावर आलेला असतो, तरी येत नाही, आणि हवा हट्टाला पेटल्यासारखी रोज अर्धा अंश वर चढते. "हवा बोलते," भाऊजी धाकटीला म्हणत, "आपण फक्त शुद्धलेखन करायचं. तुझ्यासारखंच काम आहे माझं, मास्तरीणबाई. एक वेलांटी इकडची तिकडे करायची नाही."

आणि काल त्यांनी वहीत पंचेचाळीस पूर्णांक आठ लिहिलं होतं.

शहराचा नियम असा की वेधशाळेत पंचेचाळीस किंवा त्याहून वर गेलं, की दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते चार उघड्यावरचं सगळं काम बंद. रस्ते, बांधकामं, विजेच्या तारा, सगळं. पण आज सकाळी सातला मुख्य कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. शहराबाहेरच्या दुसऱ्या केंद्रावर काल चव्वेचाळीस पूर्णांक एकच होतं. एवढा फरक कसा? फोटो पाठवतो, असं भाऊजी म्हणाले, तर साहेब म्हणाले की फोटो जरा तिरका काढला की अर्धा अंश इकडचा तिकडे होतो, साडेअकराच्या आत थर्मामीटर घेऊन या, तोवर हुकूम काढत नाही. फोन ठेवता ठेवता आणखी एक वाक्य: "तुमचा भाऊ रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो ना हो? नाही, आपलं सहज विचारलं."

ते वाक्य भाऊजींनी घरी सांगितलं नव्हतं. धाकटीने ते त्यांच्या बाजूला उभं राहून फोनमधूनच ऐकलं होतं.

पूल उतरल्यावर झाडांचा रस्ता लागला. धाकटी मनात नाम घेत होती; एरवी चालताना ते आपोआप चालायचं, आज दर चार पावलांनी अडकत होतं. कारण काल दुपारी चार वाजता ती वेधशाळेत होती, आणि हे भाऊजींना माहीत नव्हतं.

दोन दिवसांपूर्वी तिचा नवरा रोलरवरून उतरला आणि उतरल्या जागी बसला. डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हात जाऊ नका. पण पावसाआधी रस्ता पुरा करायचा होता, आणि तो हट्टी. "गँग उन्हात आणि मी घरात पंख्याखाली? तोंड कुणाला दाखवू?" गँग बसली तरच तो बसणार होता. आणि गँगला बसवणारी एकच गोष्ट होती, भाऊजींच्या वहीतला आकडा.

म्हणून काल तिला राहवलं नाही. भाऊजींचा रुमाल घरी राहिला होता, ते निमित्त झालं. ती गेली तेव्हा भाऊजी आत फोनवर होते. ती कुंपणाचं फाटक ढकलून गवतात गेली, थर्मामीटर ठेवतात त्या चार पायांवरच्या पांढऱ्या पेटीची कडी काढली आणि दार उघडून आत वाकून बघितलं. चार काचेच्या नळ्या. कुठली काय सांगते ते कळेना. पंचेचाळीस झालेत का, एवढंच तिला बघायचं होतं. तेवढ्यात रखवालदार ओरडला, "ओ बाई! तिथे जायचं नाही!" ती दचकली, दार लोटलं आणि रुमाल तसाच हातात घेऊन निघून आली.

दार लोटलं. कडी लावली का?

रात्रभर तिने तो क्षण आठवून बघितला होता. दार लोटल्याचा हाताला झालेला स्पर्श आठवत होता. कडी पडल्याचा आवाज आठवत नव्हता.

आणि कडीचं महत्त्व तिला भाऊजींनीच समजावलेलं होतं. पेटीचं दार उत्तरेला असतं, म्हणजे ऊन आत येत नाही. पण मेच्या शेवटी सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, आणि तेव्हा चारनंतर पश्चिमेकडून तिरीप थेट आत शिरते. नव्या माणसाला हे माहीत नसतं. वर्षातले दहा महिने दार उघडं राहिलं तरी निभावतं, या दिवसांत नाही.

"गप्प आहेस," भाऊजी म्हणाले.

"नाम घेतेय."

"माझ्या वाटणीचंही घे. मला पावलं मोजावी लागतायत."

पुढच्या चौकात वळण घेतलं आणि डांबराचा वास आला. ही वाट इथूनच जाते हे ती विसरली होती की तिने विसरायचं ठरवलं होतं, कोण जाणे. रस्त्याच्या अर्ध्या बाजूला ताजी काळी पट्टी, तिच्यावर हलणारी हवा, आणि पलीकडे रोलर. तिचा नवरा डोक्याला ओला रुमाल बांधून वर बसला होता. या दोघांना बघून त्याने रोलर थांबवला.

"काय, वरात कुठे निघाली?" तो ओरडला. "दादा, बाळ कुणाचं?"

"तुझ्याच घरातलं आहे," भाऊजी म्हणाले. "खाली उतर. पाणी पी."

"आत्ताच प्यालो."

"किती?"

"खूप," असं म्हणून तो हसला, पण ते हसू ओठांवरच वाळून गेलं. ओठ पांढरे पडले होते. शर्टावर घामाच्या मिठाची नकाशासारखी रेघ उमटली होती. शिडीवरून उतरताना त्याने दांडा धरला तो दोन्ही हातांनी, आणि खालच्या पायरीवर क्षणभर थांबला. धाकटीने ते पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं.

पाण्याची बाटली त्याने अर्धी संपवली. "बाराला हुकूम येणार म्हणतात. येणार का?"

"बघू," भाऊजी म्हणाले.

"बघू काय? तुझा आकडा आहे ना? दशांशरावांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ! मी मुकादमाला तेच सांगितलं. तो म्हणाला, हुकूम आला तर बाराला बंद, नाही आला तर आज ही पट्टी पुरी करायची." त्याने बायकोकडे पाहिलं. "तू अशी का बघतेस? तुझ्या नवऱ्याला काही होत नाही."

"उन्हात बडबडू नका," ती म्हणाली. "सावलीत बसा दहा मिनिटं."

"तुम्ही पुढे व्हा, मी बसतो."

ती दोघं पुढे गेली. मागे रोलर सुरू झाल्याचा आवाज आला तो वीस पावलांच्या आतच. धाकटीने मान वळवून मागे पाहिलं.

"छत्री," भाऊजी म्हणाले.

आता तिला काहीच बोलायचं नव्हतं. आकडा खरा की खोटा, हे देवाला माहीत. कडी कदाचित लागलीही असेल. ओठ पांढरे पडलेला माणूस मात्र तिने या डोळ्यांनी पाहिला होता. ती स्वतःशी म्हणाली, मी खोटं बोलत नाहीये, मी फक्त बोलत नाहीये. आणि असं म्हटल्याबरोबर नाम पुन्हा अडकलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत सावली होती. तिथे भाऊजी जरा सैल झाले आणि पुटपुटायला लागले. आधी तिला वाटलं तेही नाम घेतायत. मग शब्द कळले.

"नोंद घेतल्याची वेळ, सतरा तीस. त्या वेळचं तापमान, एकोणचाळीस पूर्णांक दोन. थर्मामीटर झटकला नाही, काढून ठेवला, बदली लावला. कुंपणात कुणी आलं होतं का, नाही. पेटीचं दार..."

ते बोलायचे थांबले. दोन पावलं गेली.

"दार बंद, कडी लावलेली," ते म्हणाले.

"हे काय म्हणताय?"

"साहेबांचा कागद असतो. प्रश्न ठरलेले आहेत. तोंडी उत्तरं द्यायची, ते लिहून घेतात, खाली मी सही करायची." जरा वेळाने ते म्हणाले, "एकतीस वर्षांत असा कागद माझ्यावर कधी आला नाही."

मुख्य कचेरीचं लोखंडी फाटक दिसायला लागलं तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फाटकाच्या आत कडुनिंबाचं झाड, झाडाखाली सिमेंटचा बाक. भाऊजींनी पेटी हलक्या हाताने बाकावर ठेवली, फडकं चाचपलं, झाकण बोटभर उघडून आत पाहिलं.

"आहे तिथेच आहे," ते म्हणाले. सबंध वाटेवर पहिल्यांदाच त्यांनी कपाळ पुसलं. मग सदऱ्याच्या खिशातून पेन काढून, चालतं का ते तळहातावर ओढून बघितलं.

ती निळी रेघ बघितली आणि धाकटीला कळलं की आता गप्प राहणं म्हणजे या माणसाचा हात धरून खोटी सही करवणं आहे.

"भाऊजी, सही करू नका."

"का?"

"काल चार वाजता मी वेधशाळेतली पेटी उघडली होती."

ते वळले नाहीत. पेनाचं टोपण लावत राहिले.

"आकडा बघायला गेले होते. यांच्यासाठी. रखवालदार ओरडला म्हणून मी दार लोटून पळाले. कडी लावल्याचं मला आठवत नाही. रात्रभर आठवून बघितलं, आठवत नाही."

"चार म्हणजे किती?"

"चार वाजून पाच-सात मिनिटं."

"दार किती उघडलंस?"

"पूर्ण."

"लोटलंस तेव्हा टेकलं का मागे आलं?"

"नाही माहीत. भाऊजी, रागवा तरी माझ्यावर."

भाऊजी बाकावर बसले, पेटीच्या शेजारी. त्यांचा चेहरा दुपारच्या उन्हातल्या भिंतीसारखा कोरा होता. कचेरीतून एक शिपाई बाहेर आला, यांच्याकडे बघून ओरडला, "दशांशसाहेब, आलात का? साहेब वाट बघतायत," आणि आत गेला.

"साडेपाचला मी गेलो," भाऊजी हळूहळू बोलायला लागले, "तेव्हा दार वीतभर उघडं होतं. आत उन्हाची तिरीप होती. थर्मामीटरच्या फुग्यावर नव्हती त्या क्षणी, जरा बाजूला सरकली होती. पण अर्ध्या तासापूर्वी कुठे होती, हे मला कुणी सांगायला नको. अडीचला मी बघितलं तेव्हा चव्वेचाळीस पूर्णांक तीन होतं. या दिवसांत अडीचनंतर दीड अंश चढत नाही. मला माहीत होतं."

धाकटी उभीच राहिली.

"मग वहीत?"

"वहीत पंचेचाळीस पूर्णांक आठ लिहिलं. शेजारी शेरा लिहायला जागा असते. 'संशयास्पद' एवढाच शब्द लिहायचा असतो. पेन टेकवलं होतं मी. आणि मला तो दिसला, रोलरवरून उतरल्यावर बसला होता तसा." त्यांनी पेटीवर हात ठेवला. "मग मी स्वतःला सांगितलं, वाऱ्याने उघडलं असेल, आत्ताच उघडलं असेल. काल वारा नव्हता, धाकटे. पान हलत नव्हतं. वाऱ्याची नोंदही मीच केली आहे, शून्य."

"आणि हा थर्मामीटर? मग हा एवढा जपून का आणला?"

"पाऱ्यावर पंचेचाळीस पूर्णांक आठ आहे, हे खरं आहे ना. तेवढंच खरं हातात धरून आलो." ते हसल्यासारखे झाले. "सगळ्या वाटेवर मला वाटत होतं, ही बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून उन्हात चालतेय."

"मलाही तेच वाटत होतं."

फाटकाबाहेरून एक टेम्पो गेला. कचेरीच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा होत होते.

"आता हुकूम निघणार नाही," धाकटी म्हणाली. "बारा वाजता ते रोलरवरच असतील."

"नसेल. पाय ओढून उतरवेन. हा आकडा नसता तर काल आपण काय केलं असतं? त्याच्या पुढ्यात उभे राहिलो असतो. भांडलो असतो. तो चिडेल, गँगसमोर माझी लाज काढलीत म्हणेल, महिनाभर तोंड बघणार नाही आपलं. चालेल. त्याला उतरवायचं काम आपलं होतं, ते आपण पाऱ्यावर ढकललं." ते उठले. "आणि गँगमधल्या बाकीच्या सोळा जणांसाठी साहेबांना मी चव्वेचाळीसलाही माणसाचं काय होतं ते सांगणार आहे. ऐकतील की नाही माहीत नाही. खोट्या पंचेचाळिसावर सांगितलं तर मात्र पुढे खऱ्या पंचेचाळिसालाही कुणी ऐकणार नाही."

"दहा मिनिटांत आटपेल का?"

"आटपायला लागेल. निघताना रिक्षा करू. आता हिसके बसले तरी काही बिघडत नाही."

पायऱ्यांपर्यंत ती दोघं बरोबर गेली. धाकटीने छत्री मिटली. वर साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं दिसत होतं. टेबलावर पांढरा कागद, त्यावर पेपरवेट. पहिल्या पायरीवर पाय ठेवून भाऊजी थांबले.

"एक ऐकशील माझं?" ते म्हणाले. "आत गेल्यावर साहेब मला विचारतील. मी तोंड उघडलं, की वाऱ्याचं नाव माझ्या ओठांवर येईल, मला माझी खात्री नाही. माझ्या आधी तू बोल."